यज्ञेश्वरकाकांचं क्रियापद

माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान सदर बाजारातल्या एका बोळीत आहे, दोन सोनारांच्या मधात. सोनाराकडे येणारी माणसं हसत येतात, माझ्याकडे येणारी कपाळाला आठ्या घालून येतात. कोणाचं पेन्शन अडलेलं असते, कोणाच्या दाखल्यात बापाचं नाव चुकलेलं असते, आणि बऱ्याच जणांची अर्जाची तारीख निघून गेलेली असते. ह्या तारीख गेलेल्या लोकांना मी आठ वर्षांपासून एकच सांगत आली, की बाप्पा, समोरच्या बाकावर बसा, अकरा वाजता काका येतील.

काका म्हणजे यज्ञेश्वर डबीर. एका सरकारी ऑफिसातून बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क म्हणून रिटायर झाले, त्याला आठ वर्षं झाली, पण ही गोष्ट त्यांना अजून कोणी नीट समजावून सांगितलेली दिसत नाही. रोज इस्त्रीचा बुशशर्ट, खिशात एक निळा अन् एक लाल पेन, काखेत फाइल. डबीर घराणं भोसल्यांच्या काळात रायपूरला आलं म्हणतात, आणि तेव्हापासून लिहूनच खाऊन राहिलं. "आमच्या पूर्वजांनी राजाचे खलिते लिहिले, कलावती," ते मले सांगतात. "आणि तुम्ही नळाच्या कनेक्शनचे अर्ज लिहून राहिले," मी म्हणते. त्याचा त्यांना राग येत नाही. खलिता काय अन् अर्ज काय, शेवटची ओळ महत्त्वाची, असं त्यांचं म्हणणं.

ती शेवटची ओळ मी आता झोपेतही टाइप करू शकते. उशिराचा कोणताही अर्ज असो, हिंदीतला असो की इंग्रजीतला, खाली ती इंग्रजीच पाहिजे: डिले मे काइंडली बी कंडोन्ड. म्हणजे उशीर झाला खरा, पण तो कृपा करून माफ व्हावा. सुरुवातीला मी शहाणपणा करून एक्स्क्यूज लिहिलं होतं. काकांनी लाल पेन काढला. "एक्स्क्यूज शाळेतल्या पोट्ट्यांसाठी असते. पार्डन जन्मठेपवाल्यांसाठी. सभ्य माणसाचा उशीर फक्त कंडोन होतो." हे क्रियापद उच्चारताना ते मान थोडी वाकवतात, अन् त्यांचा आवाज पार मऊ होतो. पद्मिनीकाकू, म्हणजे त्यांची बायको, एकदा मले म्हणाली, "माझं नाव त्यांनी कधी इतक्या प्रेमानं घेतलं नाही."

पण काकांकडून ती ओळ फुकटात मिळत नाही. त्यांचा कायदा असा, की जितके दिवस उशीर, तितक्या दिवसांचं कारण द्यायचं. तेरा दिवस उशीर झाला तं तेराही दिवस तू काय करून राहिला होता ते सांग. एका गृहस्थानं लिहून आणलं, घरी पाहुणे होते. काकांनी लाल पेनानं खोडलं. "तेरा दिवस पाहुणे राहत नाहीत. राहिला तं तो घरचा माणूस झाला, त्याचं कारण चालत नाही." दुसऱ्यानं लिहिलं, प्रकृती अस्वस्थ होती. "अस्वस्थ म्हणजे काय? पोट, पाठ की मन? साहेब विचारेल." माणसं वैतागतात, पण खरं कारण शेवटी बाकावरच बाहेर येते. कोणी म्हणते, काका, लाज वाटून राहिली होती. कोणी म्हणते, भाऊ काय म्हणेल म्हणून थांबलो. मंग काका निळा पेन काढतात आणि त्याच कारणाची अशी सुंदर इंग्रजी ओळ बनवतात, की वाचणाऱ्या साहेबाला आपलाच उशीर आठवावा.

असा हा माणूस. सगळ्या रायपूरचा उशीर माफ करून देणारा. आणि ह्याच माणसानं पोटच्या पोरीसाठी चाळीस मिनिटं थांबायला नकार दिला, हे मले सांगायचं आहे. सांगताना मले राग येते, कारण त्यात माझाही हात आहे.

आम्ही राहतो तात्यापाऱ्यात, समोरासमोर. चार वर्षांआधी काकांच्या शिशिरला मुलगी झाली. शिशिर बँकेत आहे, सरळ पोट्टा, बापापुढे तोंड न उघडणारा. त्याची बायको अपर्णा तं तेव्हा बाळंतिणीच्या खोलीत. बारशाचा सगळा कारभार काकांनी हाती घेतला, म्हणजे टाइमटेबल बनवलं. सात कलमांचं, मीच टाइप केलं होतं. पाहुण्यांचं आगमन इतक्या वाजता, ओटी इतक्या वाजता, कलम चार, नामकरण, आत्याच्या हस्ते, दहा पस्तीस. ते भिंतीला चिकटवलं. घुगऱ्या वाटायलाही पाच मिनिटं ठरवून दिली होती. मी म्हटलं, काका, बाळाला किती वाजता रडायचं ते राहिलं. ते म्हणाले, त्याचं ते पाहील.

आत्या म्हणजे इरावती, काकांची मोठी मुलगी. बीरगांवला राहते, तिकडच्याच एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे. मशीनवर कोणी हेल्मेट न घालता दिसला तं त्याला उभ्या उभ्या घरी पाठवणारी बाई. मराठी सगळं समजते तिला, पण बोलते हिंदी. बाप मराठीत रागावते, ही हिंदीत उत्तर देते, असं त्यांचं लहानपणापासून चालत आलेलं. नाव काय ठेवायचं हे सगळ्यांनी तिच्यावर सोडलं होतं. तिनं ते कोणालाच सांगितलं नव्हतं, आईलाही नाही. आत्याचा मान आहे तो, आमच्याकडे बाळाच्या कानात पहिल्यांदा नाव आत्याच सांगते, आणि सांगताना बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात.

तं त्या दिवशी बीरगांवच्या वाटेवर, भनपुरीला, एक ट्रेलर आडवा झाला. रस्ता जाम. इरावतीचा काकूला फोन आला, अर्धापाऊण तास लागेल, बाबांना म्हणा थांबा. काकूनं सांगितलं. काकांनी घड्याळ पाहिलं अन् म्हणाले, "भनपुरीला जाम लागते हे तिले माहीत नाही का? लवकर निघायचं होतं." गुरुजी बिचारे पाटावर बसल्या बसल्या म्हणाले, काही घाई नाही, मुहूर्त बारापर्यंत आहे. हे मी माझ्या कानानं ऐकलं. काकांनीही ऐकलं. पण भिंतीवर दहा पस्तीस लिहिलं होतं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, आणि त्यांची नजर माझ्यावर पडली. "कलावती, तू शिशिरले राखी बांधतेस ना? तं तू आत्याच. चल, ये पुढे."

मी नाही म्हणायला पाहिजे होतं. मी नाही म्हटलं नाही. वीस बायका पाहून राहिल्या, गुरुजी थांबलेले, बाळ पाळण्यात, आणि खरं सांगू, मले जरा बरंही वाटलं. मी पाळण्यापाशी वाकली तेव्हा लक्षात आलं की नाव कोणतं सांगायचं ते माहीतच नाही. सकाळी दुकानात एका लग्नपत्रिकेचा मजकूर टाइप करून आली होती, नवरीचं नाव होतं देवश्री. तेच सांगून दिलं. पाठीत धपाटे पडले, बायका कुर्रर्र म्हणून ओरडल्या, आणि डबिरांच्या नातीचं नाव परक्याच्या लग्नपत्रिकेतून उचललं गेलं. चार वर्षं हे मी कोणाला सांगितलं नाही.

सव्वाअकराला इरावती दारात आली. हातात झबल्याटोपड्याची पिशवी, घामानं ओली झालेली. आत बायका देवश्री, देवश्री करून राहिल्या होत्या. तिनं ते ऐकलं. भिंतीवरचं टाइमटेबल वाचलं, चौथ्या कलमापर्यंत. मंग पिशवी उंबऱ्यावर ठेवली आणि बापाला एवढंच म्हणाली, "इसमें आत्या भी लिखा था, बाबा. सिर्फ़ टाइम नहीं लिखा था." अन् वळून निघून गेली. काकू मागे धावली, तोपर्यंत गाडी चालू झालेली होती.

त्यानंतर चार वर्षं ती त्या घरात आली नाही. आईला रोज फोन, भावाला बाहेर भेटणं, राखी कुरिअरनं. बापाशी एक शब्द नाही. आणि बाप रोज माझ्या दुकानात बसून दुसऱ्यांचे उशीर माफ करवून राहिला.

यंदा अपर्णाला पुन्हा दिवस गेले, तेव्हा काकूनं सांगून टाकलं, "ह्या बारशाला माझी पोरगी पाळण्यापाशी पाहिजे. ती नसली तं मी पण नसेन, मी महादेव घाटावर जाऊन बसेन." काकू कधी काही मागत नाही. त्यामुळे काका हादरले. दुसऱ्या दिवशी साडेदहालाच दुकानात हजर, हातात मजकूर. मले वाटलं, देवा, सुचली एकदाची बुद्धी.

मजकूर असा होता: "सौ. इरावती हिला नामकरण समारंभास झालेला चाळीस मिनिटांचा विलंब, तिची एरवीची वर्तणूक समाधानकारक असल्याने, या आदेशान्वये कंडोन करण्यात येत आहे. सदर बाब पूर्वोदाहरण मानली जाऊ नये."

मी दोनदा वाचलं. "काका, हा आदेश आहे."

"मंग? मी मोठेपणा घेऊन राहिलो."

"ते दिसूनच राहिलं," मी म्हटलं, आणि टाइप करून दिलं. मले वाटलं, आपटू द्या एकदा. शिवाय काकांना समजवायला जाणं म्हणजे माझा दिवस जाणं.

त्यांनी तो कागद थ्रू प्रॉपर चॅनल पाठवला, म्हणजे रीतसर एकेकाच्या हातून वर. आधी काकूच्या शेऱ्यासाठी. काकूनं लिहिलं, "पाहिलं. मला विचारून लिहिलेलं नाही." मंग शिशिरकडे. शिशिरनं "अग्रेषित", म्हणजे पुढे पाठवलं, एवढंच लिहून सही केली, तीही बारीक. तिसऱ्या दिवशी कागद परत आला. समासात इरावतीच्या अक्षरात हिंदीत होतं: "मैंने माफ़ी के लिए अप्लाई कब किया था? मूल प्रति वापस." आणि शिशिरच्या फोनवर तिनं एक फोटो पाठवला होता, तिच्या कारखान्याच्या गेटवरच्या पाटीचा. पिवळ्या पत्र्यावर काळ्या अक्षरात इंग्रजीत लिहिलेलं, की धोक्याचं काम कोणाकडूनही झालं तरी ते कंडोन केलं जाणार नाही. खाली सही कोणाची, तं इरावतीची.

काका तो फोटो बोटांनी मोठा करकरून पाहत बसले. बापड्यांना कागद परत आल्याचं इतकं लागलं नाही, जितकं ते क्रियापद तसं वापरलेलं लागलं. "नाही केलं जाणार? अगं, कंडोन हा मागायचा शब्द आहे. पस्तीस वर्षांत मी कधी ह्या शब्दाला 'नाही' लावलेलं पाहिलं नाही."

"तुम्ही मागणाऱ्यांच्या बाजूनं लिहून राहिले होते काका. ती गेटवर उभी आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपला शब्दकोश आणला. तपकिरी कागदाचं कव्हर, पानांना तंबाखूच्या डबीचा वास. माझ्या टेबलावर उघडून, बोट ठेवून वाचायला लागले, आणि मी मशीन बंद केली, कारण गिऱ्हाईकही ऐकून राहिले होते. अर्थ दिलेला होता: चूक आहे हे माहीत असूनही ती सोडून देणे, संबंध तोडण्याइतकी मोठी न मानणे. पुढे वापर. इंग्रजीत हा शब्द खूपदा नकारातच येतो, हिंसा कंडोन करत नाही, लबाडी कंडोन करत नाही. काका नाराजीनं घसा खाकरले. त्यापुढे होतं, की विलायतेत हा आधी नवरा-बायकोच्या खटल्यांतून चालू झाला. एकानं दगा दिला, दुसऱ्याला ते कळलं, आणि तरी तो त्याच्यासोबत नांदला, तं त्यानं ती चूक कंडोन केली असं कोर्ट मानायचं. आणि सगळ्यात खाली बारीक टाइपात मूळ. लॅटिन. त्यात देणे असा अर्थ. देणगीचा जो शब्द त्या भाषेत आहे, तो अन् आपलं दान हे एकाच मुळाचे.

"दान," काका म्हणाले. "ह्याच्या पोटात दान आहे. मले माहीतच नव्हतं."

बाकावर एक म्हातारा बसला होता, पेन्शनवाला. तो छत्तीसगढीतून म्हणाला, "हव बाबू, माफी तो देथे न." म्हणजे माफी तं देतातच ना, अन् पुन्हा बिडीचा विचार करायला लागला.

मी काकांना विचारलं, "मंग काका, ते कोर्टवालं पुन्हा वाचा. कंडोन कोणी करायचं असते? दगा देणाऱ्यानं, की ज्याला लागलं त्यानं?"

त्यांनी पुन्हा वाचलं. बराच वेळ वाचलं. मंग कोश मिटला, काखेत घेतला, आणि बाकावरच्या म्हाताऱ्याचा अर्ज तसाच टाकून घरी गेले. आठ वर्षांत असं पहिल्यांदाच झालं. म्हाताऱ्याचा अर्ज मग मीच लिहिला, कंडोनसकट.

बाळ झालं श्रावणात. मुलगा. बारशाला बारा दिवस, आणि काका रोज नवा मसुदा घेऊन येऊन राहिले. आता अर्जदार ते होते अन् सक्षम अधिकारी इरावती, एवढं तं बरोबर झालं होतं. पण कारणाच्या रकान्यात गाडी अडत होती. पहिल्या दिवशी लिहून आणलं, मोतीबिंदूचं ऑपरेशन. मी त्यांच्या खिशातला लाल पेन काढला आणि खोडलं. "ऑपरेशनला एक दिवस लागला. बाकीचे दिवस?" दुसऱ्या दिवशी, गुडघे. खोडलं. बीरगांवला बस जाते. तिसऱ्या दिवशी, पितृपक्ष, अधिक मास आणि इतर धार्मिक अडचणी. मी हसायला लागली, तं ते चिडले. "तू काय साहेब आहेस?"

"साहेब विचारेल, असं तुम्हीच शिकवलं," मी म्हटलं. मले मजा येत नव्हती असं नाही. पण नवव्या दिवशी ते आले तेव्हा रकाना कोरा होता, आणि म्हातारा माणूस माझ्याकडे अशा नजरेनं पाहून राहिला होता की मले माझ्याच हसण्याची शरम वाटली. मी त्यांना चहा सांगितला. मंग मी त्यांना लग्नपत्रिकेची गोष्ट सांगितली, ते नाव कुठून आलं ते. चहा पिऊन झाल्यावर त्यांनी निळा पेन काढला आणि मराठीत लिहायला लागले. हातानं. आदेश मराठीत होता, पण अर्ज मराठीत लिहिताना मी त्यांना आजपर्यंत पाहिलं नव्हतं.

"चि. इरावतीस. कारण असे. गुरुजी बारापर्यंत चालेल म्हणाले होते. मी ते ऐकले होते. तू दारात उभी राहिलीस तेव्हाच मला चूक कळली. त्यानंतरचे सगळे दिवस सांगायची लाज वाटण्यात गेले. चार वर्षे, सहा महिने, अकरा दिवस. दुसरे कारण नाही. विलंब कंडोन व्हावा. या शब्दाच्या मुळाशी देणे आहे असे कोशात दिले आहे. मागण्याचा माझा हक्क नाही. तुझे बाबा."

"टाइप कर," ते म्हणाले.

"हे टाइप होत नाही काका," मी म्हटलं. "असंच जाऊ द्या."

पुन्हा प्रॉपर चॅनल. काकूनं शेरा लिहिला, "शिफारस करते," आणि सही करताना तिथेच डोळे पुसले. शिशिरनं ह्या वेळी मोठी सही केली, आणि वर लिहिलं, "तेव्हा मी पण बोललो नाही, दीदी." मी काही त्या चॅनलमधली नाही, पण मी पण खाली दोन ओळी लिहिल्या, की तुझ्या जागेवर मी उभी राहिली, मले नाही म्हणायला पाहिजे होतं. काकांनी ते वाचलं अन् खोडलं नाही.

शिशिर कागद देऊन आला. म्हणाला, दीदीनं वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला, अन् शिफ्टला निघून गेली.

बारशाच्या दिवशी भिंतीवर काहीच चिकटवलेलं नव्हतं. तिथे फक्त जुन्या टाइमटेबलच्या चिकटपट्टीचे चार डाग होते. मुहूर्त गुरुजींनी साडेअकरापर्यंतचा काढलेला. पाळणा सजला, घुगऱ्या शिजल्या, बायका जमल्या. अकरा वाजले. काका ओसरीवर खुर्ची टाकून रस्त्याकडे तोंड करून बसलेले. काकूनं दोनदा फोन लावला, लागला नाही. सव्वाअकरा. एका मावशीनं मले कोपरानं ढोसलं, "जा ना कलावती, मागच्या वेळी तूच होतीस." मी तिला जे उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही.

साडेअकराला गुरुजी ओसरीवर आले. त्यांना पुढे दुसरीकडे जायचं होतं. "डबीर साहेब, आता मुहूर्त संपला."

"संपू द्या," काका म्हणाले.

"उशीर होऊन राहिला."

"झाला तं झाला. तो कंडोन आहे. माझ्याकडून." खुर्चीतून न उठता म्हणाले. हा शब्द ते आजपर्यंत लिहीत आले, कोणासाठी तोंडानं, कागदाशिवाय, पहिल्यांदाच बोलले. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांना चहा आणून दिला, आणि ते बसले.

बारा वाजून गेले. सव्वाबाराला गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली. इरावती उतरली ती कारखान्यातूनच आलेली, पायात ते जाड सेफ्टीचे बूट, केस हेल्मेटनं चपटे झालेले. शिफ्टमध्ये कोणाचा तरी हात मशीनजवळ गेला होता, हात वाचला, पण तिला निघता आलं नाही. हे तिनं मागून सांगितलं. तेव्हा ती ओसरीच्या पायरीशी थांबली आणि बापाकडे पाहून म्हणाली, "आप रुके हैं?"

"हो," काका म्हणाले. "घुगऱ्या थंड झाल्या."

तिनं बूट काढले आणि आत आली. पण पाळण्याकडे गेली नाही. "देवश्री कुठाय?" असं तिनं मराठीत विचारलं, आणि ती पोट्टी आईच्या मागून बाहेर आली. चार वर्षांची, डोळे मोठे. आत्याला तिनं बाहेर, हॉटेलात, बागेत पाहिलेलं, ह्या घरात कधीच नाही. इरावती गुडघ्यावर बसली, पोरीचे केस बाजूला केले, आणि तिच्या कानात काहीतरी सांगितलं. चार वर्षं पोटात ठेवलेलं नाव. मले एकदम माझ्या पाठीवरचे ते धपाटे आठवले, जे माझे नव्हतेच. मी पुढे झाली आणि तिच्या पाठीत एक जोरदार धपाटा घातला. तिनं वळून पाहिलं, मी म्हटलं, "तुझाच होता, बाई." आणि मग ती हसली, अन् काकू रडायला लागली, अन् सगळ्या बायका एकदम धपाटे घालायला धावल्या. त्या गडबडीतच तिनं पाळण्यातल्या बाळाचं नाव अभिनव ठेवून टाकलं. कुर्रर्र करायचं अर्ध्या बायका विसरल्या.

काकांनी देवश्रीला जवळ घेऊन हळूच विचारलं, "आत्यानं काय नाव सांगितलं गं? आपल्याकडे नोंद पाहिजे."

"आत्या म्हणाली सांगायचं नाही," पोरगी म्हणाली, आणि पळाली. काका आजही तिला विचारून राहिले, चॉकलेट देऊन राहिले. पोरगी बापाच्या बापाला पुरून उरली.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता काका दुकानात आले. फाइलीतून त्यांनी तो अर्ज काढला. इरावती जाताना त्यांच्या हातात देऊन गेली होती. काकांच्या अक्षराखाली, काकू-शिशिरच्या शेऱ्यांखाली, माझ्या दोन ओळींखाली, जिथे सक्षम अधिकाऱ्याचा आदेश यायचा असते तिथे, तिनं मराठीत एकच शब्द लिहिला होता. मराठी लिहायची तिला सवय नाही, ळ अन् ल मध्ये ती अजून घोटाळते, पण हा शब्द तिनं सावकाश, एकेक अक्षर दाबून लिहिला होता.

"दिलं."

खाली सही, आणि तारीख.

काका कोणत्याही कागदाच्या तीन कॉपी काढतात, एक फाइलीला, एक घरी, एक असू द्यावी म्हणून. मी झेरॉक्सचं झाकण उघडलं. "तीन ना काका?"

त्यांनी कागद मशीनवर ठेवायला हात पुढे केला, थांबले, आणि पुन्हा घडी घालून बुशशर्टाच्या खिशात, दोन पेनांच्या मागे ठेवला.

"नको," ते म्हणाले. "राहू दे. हा एकच आहे."